जिल्हा सैनिकी शाळांनी मराठवाड्याच्या पदरात काय टाकलं?

मांजराकाठ
"लष्करात अधिकारी किती झाले?" एवढंच विचारून आपल्याकडे जिल्हा सैनिकी शाळांना नापास करतात. मला हा हिशेब मान्य नाही. त्यात मराठवाड्याचा इतिहासच धरलेला नाही.

छावण्या आपल्याकडे कमी नव्हत्या. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, सगळीकडे हैदराबाद कंटिन्जंटचं सैन्य असायचं. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज. त्या खर्चापायीच १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पण साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी फौजी असणारी गावं तयार झाली, तसं आपल्याकडे झालं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामी राजवटीत होतो. देशातली पहिली सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला साताऱ्यात निघाली. राज्यातली दुसरी निघायला २०१९ उजाडलं, आणि ती गेली चंद्रपूरला. मधल्या काळात मराठवाड्याला मिळालं ते १९७७ चं औरंगाबादचं एसपीआय, म्हणजे दहावीनंतर मुलांना एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तयार करणारी राज्य सरकारची संस्था, आणि १९९५ मध्ये युती सरकारनं ठरवलेली जिल्ह्याला एक सैनिकी शाळा.

सरकारनं या जिल्हा शाळा संस्थांच्या हाती दिल्या. तुळजापूरची शाळा तुळजाभवानी मंदिर संस्थान चालवतं. बिलोली तालुक्यातल्या सगरोळीत १९५९ पासून काम करणाऱ्या संस्कृती संवर्धन मंडळानं ती जबाबदारी घेतली. ज्या घराण्यात कुणी फौजेत गेलं नाही, त्या घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला या शाळांनी पहिल्यांदा 'हे तुला जमू शकतं' असं सांगितलं. साताऱ्याशी तुलना करताना तिथली शंभर वर्षांची सैनिकी परंपराही मोजा.

पेटीवाला
मी अशाच एका शाळेत चार वर्षं काढली. नाव घेत नाही. पहाटेची पीटी, मेसची रांग, रात्रीचा रोलकॉल यात काही कमी नव्हतं. कमी होती ती इंग्रजी आणि गणिताची. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० ची आणि त्यात इंग्रजी २०० ची. पुढे एसएसबी, म्हणजे लष्कराची मुलाखत-चाचणी, ९०० ची. यात कदमतालाचे गुण कुठेच नाहीत. बुटांना पॉलिश करायला शिकवलं, पण इंग्रजीत चार वाक्यं उभ्यानं बोलायला शिकवलं नाही. माझ्या वडिलांनी बैल विकून फी भरली होती ती 'सैनिकी' हा शब्द पाहून. इतिहास कितीही खरा असला तरी त्या पैशांची भरपाई होत नाही.

परळीचे सर
पेटीवाले, तुमचा राग रास्त आहे, पण तुम्ही एक बाजू सोडता. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. पोरं सोबत गेली की शाळा बुडाली, मागे ठेवली तर आजीच्या जिवावर. हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती हंगामापुरतीच. बारा महिने जेवण, अभ्यासिका आणि हजेरी घेणारा माणूस असलेली निवासी शाळा ही अशा पोरासाठी फार मोठी गोष्ट आहे. माझे विद्यार्थी अशा शाळांतून पोलीस भरतीत गेले, लष्करात जवान म्हणून गेले. अधिकारी नाही झाले म्हणून ते कुठेच पोचले नाहीत, असं मी ऐकून घेणार नाही.

पेटीवाला
सर, मग निवासी शाळा मागा! ऊसतोड कामगाराच्या पोराला जेवण आणि छप्पर हक्कानं मिळायला हवं, त्यासाठी त्याला खाकी कशाला घालायची? आणि फडावरच्या किती आईबापांना ही फी झेपते? तुम्ही सांगता ती पोरं मला माझ्या तुकडीत फारशी दिसली नाहीत. दिसली ती आमच्यासारखी, दोन-चार एकर विकू शकणारी.

आष्टीची ताई
तुमच्या सगळ्या चर्चेत पोरगंच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली. मुलींची सैनिकी शाळा पिरंगुटला, मुलींचं एसपीआय नाशिकला. मराठवाड्याच्या मुलीनं गोदावरी नाहीतर भीमा ओलांडूनच जायचं का? भावासाठी शेत विकणारे आईबाप तिला तेवढ्या लांब पाठवतील का, हे तुम्हीच सांगा. बंद करा की चालू ठेवा या वादात मला रस नाही. आहेत त्या इमारतींत मुलींचं वसतिगृह हवंय, कवायत घेणाऱ्या महिला निदेशक हव्यात.

मांजराकाठ
ताई, तुमचं म्हणणं मी मूळ मुद्द्यातच घ्यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. पेटीवाले, शिकवण्याबद्दलची तुमची तक्रार मला पूर्ण पटते. पण 'सैनिकी' हा शब्द काढून टाकला की शाळा सुधारेल हे पटत नाही. शब्द गेला की निदेशक जाईल, मैदान जाईल, आणि उरेल ते आणखी एक पडकं वसतिगृह. त्यापेक्षा सहावीपासून इंग्रजी आणि गणिताला पूर्णवेळ माणूस द्या, दहावीनंतर एसपीआयच्या प्रवेशपरीक्षेला तयारीनं बसवा. या शाळा आणि एसपीआय एकाच विभागात आहेत, त्यांचा एकमेकांशी दुवा का नसावा?

पेटीवाला
दुवा जोडा, माझी हरकत नाही. पण आधी एक करा. दर जूनला प्रवेश देताना पालकाच्या हातात कागद ठेवा: गेल्या पाच वर्षांत किती मुलं एनडीएच्या लेखीला बसली, किती पास झाली, किती जवान म्हणून लागली, किती घरी आली. बापाला शेत विकायच्या आधी तो कागद वाचता आला पाहिजे. तोवर माझा विरोध कायम आहे.