भरवण्याच्या धाग्यावर: सांडू द्या, पण दाणे जपून

‘पोराला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडलं तर सांडू द्या’ हे लहान मुलांना भरवण्याबद्दलच्या या चर्चेतलं वरचं म्हणणं पटलं. फक्त जळगावच्या मे महिन्यात कूलरसमोर मुरमुऱ्यांची वाटी देऊ नका. आमचे चिरंजीव मुठीने उधळतात, वारा ते थेट आजोबांच्या चहात नेतो, आणि आजोबा खूश!

अख्ख्या शेंगदाण्यांबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. आपल्याकडे भरितातही दाणे असतात. पाच वर्षांखालच्या मुलांना दाणा नीट चावता येत नाही, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यामुळे बारीक कूटच द्या, भरितातले दाणे वेचून काढा. ‘आम्ही तर तुम्हाला मुठीने दिले’ म्हणणाऱ्या आजीशी वाद घालत बसू नका, गुपचूप डबा वरच्या फळीवर सरकवा.