मुरमाच्या चढावर गाडी अर्ध्यात बंद पडते. सराव नेमका कशाचा करावा?

डोंगरवाट (चिंचवड)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे हिरोची एक्सपल्स २०० ही कच्च्या वाटांवरही चालणारी मोटरसायकल असून गेले दीड वर्ष मी जवळजवळ प्रत्येक रविवारी मित्रांबरोबर मावळ आणि भोर भागातील कच्च्या वाटांवर जातो. सपाट मातीची वाट, ओढ्याचे गुडघ्याखालचे पाणी, बैलगाडीच्या चाकोऱ्या येथवर मला अडचण येत नाही. मात्र ज्या चढावर सुटा मुरूम आणि मुठीएवढे दगडगोटे असतात, तेथे माझी गाडी हमखास अर्ध्यावर थांबते. प्रकार दर वेळी तोच असतो. पुढचे चाक एखाद्या दगडावरून उडते, मी दचकून रेस सोडतो, इंजिन दोन गचके खाऊन बंद पडते, मी उताराच्या बाजूला पाय टेकवायला जातो, तर जमीन पायापेक्षा वीतभर खाली असते आणि गाडी त्याच बाजूला आडवी होते. मागील महिन्यात असेच पडून क्लचचे लिव्हर वाकले आणि गुडघा दोन आठवडे सुजलेला होता. त्याआधी नऊ हजार किलोमीटरलाच क्लच प्लेट बदलाव्या लागल्या होत्या.

मित्रांचा सल्ला एवढाच असतो की, खालूनच जोरात मारायची आणि मध्ये सोडायची नाही. तसे करून दोनदा वर पोहोचलोही, परंतु कसा पोहोचलो हे मला सांगता येणार नाही. तोच चढ पुन्हा पुन्हा चढत राहणे हाच सराव समजावा, की या वजनाच्या गाडीकडून माझी अपेक्षाच चुकीची आहे?

ओढ्याकाठी (सातारा)

आपल्या वर्णनात मला चढाचा दोष फारसा दिसत नाही. चाक उडाल्याबरोबर रेस सुटली, याचा अर्थ त्या क्षणी आपल्याजवळ दुसरा उपाय नव्हता, आणि तो उपाय म्हणजे क्लच. रेस थोडी चढी आणि स्थिर ठेवायची आणि मागच्या चाकाकडे किती जोर जाऊ द्यायचा हे डाव्या हाताच्या एका किंवा दोन बोटांनी ठरवायचे, ही गोष्ट ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याची गाडी सहसा बंद पडत नाही. ही सवय चढावर लागत नाही, कारण तेथे मन भीतीने व्यापलेले असते आणि प्रत्येक चूक अंगावर येते. म्हणून दोन महिने तो चढ विसरावा, असे मी सुचवीन.

गणेशोत्सवात लहान मुलांची स्लो सायकल स्पर्धा असते, तिच्यापासूनच सुरुवात करावी. मोकळ्या मैदानात दहा मीटरवर दोन रेघा ओढा आणि पहिल्या गिअरमध्ये, पाय न टेकवता, जमेल तितक्या उशिरा दुसरी रेघ गाठा. क्लच जेथे पकडू लागतो त्या जागेच्या आसपास लिव्हर केसभर आतबाहेर करावे आणि मागचा ब्रेक हलका दाबून ठेवावा, म्हणजे गाडी ताणलेली आणि स्थिर राहते. प्रथम आठ सेकंद लागले तरी पुरे. पंधरा लागू लागले की आपल्याला क्लच कळू लागला, असे समजावे. त्यानंतर आरटीओच्या परीक्षेतला आठचा आकडा घ्या, परंतु तो उभे राहून काढा आणि दोन दगडांमधील अंतर दर आठवड्याला थोडे कमी करत जा. क्लच प्लेटची भीती बाळगू नये. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असल्याने हाफ क्लच बराच सोसतो. मात्र सलग पाच-सात मिनिटांनंतर विश्रांती द्यावी, आणि जळका वास आला किंवा लिव्हर हाताला ढिले लागू लागले, तर इंजिन बंद करून सावलीत बसावे. आपल्या प्लेट लवकर गेल्या त्या बहुधा गाडी अडकल्यावर भरपूर रेस देऊन क्लच घासत राहिल्यामुळे.

दुसरा सराव थांबण्याचा, आणि माझ्या मते तो चढण्याच्या आधी शिकावा. एखादा सौम्य, गवताळ उतार निवडा, अर्ध्यावर जा आणि मुद्दाम गाडी बंद पाडा. अशा वेळी क्लच अजिबात दाबू नये. गाडी गिअरमध्ये बंद पडली की इंजिनच मागचे चाक धरून ठेवते. चढावर सारे वजन मागे गेलेले असल्याने एकटा पुढचा ब्रेक लावलेली गाडी चाक न फिरताही खाली घसरते. आता हँडल पूर्ण डावीकडे वळवा, गाडी डावीकडे झुकवून डावा पाय भक्कम टेकवा, पुढचा ब्रेक बोटाखाली ठेवा आणि क्लचचे लिव्हर अगदी थोडे थोडे दाबत गाडीला मागे सरकू द्या. मागचे चाक डावीकडे जाते, तोंड उजवीकडे फिरते आणि गाडी उताराला आडवी होते. आपला टेकलेला पाय मात्र वरच्या अंगाला राहतो. तेथून उजवीकडे वळून सावकाश खाली यावे. हे वीस वेळा केले की चढावर थांबण्याची धास्ती जाते, आणि धास्ती गेली की रेस सोडणारा हातही शांत होतो.

जांभा दगड (चिपळूण)

वरील उत्तर उत्तम आहे, तरीही गाडीकडे इतके दुर्लक्ष करू नये असे मला वाटते. रस्त्यावरचीच हवा ठेवून मुरमावर गेल्यास टायर दगडाला बिलगत नाही, त्यावरून उसळतो. मी कच्च्या वाटेवर १८ ते २० पीएसआयपर्यंत हवा उतरवतो. त्याखाली जात नाही, कारण ट्यूब असल्याने धारदार दगडावर ती रिममध्ये चिमटून फाटते. परतीसाठी पायाचा पंप जवळ असावाच.

दुसरे म्हणजे लिव्हर. कंपनीतून ती बसलेल्या माणसाच्या हाताला लावलेली असतात, आणि आपण चढावर उभे असतो. उभे राहून, कोपर बाहेर काढून हात ठेवावा आणि मनगट न मोडता बोट लिव्हरवर येईल इतके लिव्हर खाली फिरवावे. त्याचे स्क्रू घट्ट आवळू नयेत. हाताने जोर लावल्यास फिरेल इतपतच ठेवावेत, म्हणजे गाडी पडल्यावर लिव्हर वाकण्याऐवजी फिरते. जवळच्या दुकानात एक दात कमी असलेले पुढचे स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) बसवून मिळाले, तर पहिला गिअर आणखी संथ होतो आणि वरच्या सरावाला त्याचा चांगला उपयोग होतो.

एक विनंती मात्र सर्वांनाच. वनखात्याची जमीन आणि सडे, म्हणजे कातळाची पठारे, सरावासाठी वापरू नयेत. सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि पावसाळ्यातील सारी फुले त्याच थरावर जगतात. चाकाने तो एकदा खरवडला की कातळ उघडा पडतो. शेतकऱ्याला विचारून घेतलेले पडीक रान यापेक्षा केव्हाही बरे. आमच्याकडे तर पावसात जांभ्यावर शेवाळ आले की कोणतेही तंत्र चालत नाही, तेव्हा मी गाडी झाकून ठेवतो.

टाचा उचलून (नाशिक)

माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि याच गाडीची सीट सुमारे ८२५ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे दोन्ही पाय टेकवण्याचा प्रश्नच माझ्यापुढे कधी आला नाही. त्यातून एक गोष्ट मी नाइलाजाने शिकले, ती आपल्यालाही उपयोगी पडेल. थांबण्याची जागा मी थांबण्याआधी पाहून ठेवते. चढावर डावीकडची जमीन उंच असेल तर मी सीटवरून आधीच डावीकडे सरकते आणि एकच पाय, पण पूर्ण तळवा टेकवते. उजवीकडे खळगा दिसत असताना तेथे पाय शोधणे म्हणजे गाडीखाली पाय देणे होय. गाडी निघालीच, तर तिला जाऊ द्यावे आणि आपण वरच्या अंगाला उतरावे. दीडशे किलोहून जास्त वजन मांडीच्या जोरावर सावरता येत नाही.

आपण बूट कोणते घालता हे लिहिलेले नाही. सुरुवातीला मी साधे ट्रेकिंगचे बूट घालत असे आणि एकदा घोटा फूटपेग (पाय ठेवण्याची दांडी) व दगड यांच्यामध्ये सापडला. ऑफरोडचे ताठ बूट घेतल्यावर मागचा ब्रेक पायाला कळेनासा झाला, म्हणून पेडल किंचित वर घ्यावे लागले, परंतु घोटा शाबूत आहे.

आणि वेळेचे भान ठेवा. मी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त सराव करत नाही. हाताचे स्नायू भरून आले की पकड घट्ट होते, पकड घट्ट झाली की गचक्यासरशी रेस आपोआप पिळली जाते, आणि माझे बहुतेक वाईट पडणे त्यानंतरचे आहे.

जुनी येझदी

“जोरात मारायची” या सल्ल्याबद्दल थोडे लिहितो. ऑस्ट्रियात एर्झबर्ग नावाच्या लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून जी शर्यत होते, तिच्या अंतिम फेरीत सुमारे पाचशे जण सुटतात आणि शेवटपर्यंत पोहोचणारे अनेकदा बोटांवर मोजण्याइतके असतात. तेथे २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे जिंकलेला पोलंडचा ताडी ब्लाझुसियाक आणि नंतर अनेकदा जिंकलेला ब्रिटनचा ग्रॅहम जार्व्हिस हे दोघेही ट्रायल्स या खेळातून आलेले आहेत. त्या खेळात वेगाला फारशी किंमत नसते. दगडधोंड्यांतून पाय न टेकवता जाणे एवढेच पाहिले जाते. दगडांतली हुशारी कोठून येते, हे त्यावरून ध्यानात यावे.

त्या खेळाची गुणपद्धती सरावासाठी फार सोयीची आहे. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तरी तीनच, आणि पडल्यास किंवा अडकल्यास पाच. ज्याचे गुण कमी तो पुढे. वीस-पंचवीस पावलांचा एक तुकडा निवडा, त्यात एक वळण, चार दगड आणि मनगटाएवढ्या जाडीचा एक ओंडका खुंट्यांनी पक्का करून ठेवा. दहा फेऱ्या मारा आणि गुण वहीत लिहा. “आज बरे जमले” यापेक्षा वहीतला आकडा अधिक खरे बोलतो. तुकडा सोपा वाटू लागला की ओंडका जाड करावा, वेग वाढवू नये.

डोंगरवाट (चिंचवड)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. गावाकडच्या चुलत्यांचे कापणी झालेले रान मिळाले, तेथे शनिवारी सकाळी आणि एखाद्या संध्याकाळी सराव करतो. पहिल्या दिवशी दहा फेऱ्यांचे ३४ गुण झाले होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक फेरीत मी पाय घासत गेलो होतो. काल १३ झाले. दहा मीटरला चौदा सेकंद लागतात. हवा २० वर आणली आहे आणि लिव्हर खाली फिरवल्यावर मनगटातली कळ थांबली, हे मला खरोखर अपेक्षित नव्हते. बंद पडल्यावर गाडी उताराला आडवी करून खाली आणणे जमते, गेल्या रविवारी मित्रांसमोर ते दोनदा केले, तेव्हा त्यांनी “वर का गेला नाहीस?” एवढेच विचारले. तो चढ अजून पुन्हा केलेला नाही.

एक गोष्ट कळत नाही. आठच्या आकड्यातले डावे वळण मी आता बऱ्यापैकी लहान काढतो, परंतु उजव्या वळणात तेरापैकी नऊ गुण गेले. हे माझेच काही चुकते आहे का?

ओढ्याकाठी (सातारा)

बहुतेकांचे उजवे वळण कच्चे असते आणि त्याला कारण आहे. हँडल पूर्ण उजवीकडे वळले की रेसची मूठ पोटाजवळ येते, मनगट मुडपते आणि रेस नकळत कमी-जास्त होते. त्यातच तोल जाऊन उजवा पाय टेकवला, की मागचा ब्रेक हातचा जातो आणि गाडी धरून ठेवणारी गोष्टच उरत नाही. म्हणून उजवीकडे वळण्यापूर्वीच मूठ थोडी पुढून, स्क्रूड्रायव्हर धरतो तशी तिरकी धरावी, रेस तेथेच गोठवावी आणि पुढचे सारे काम क्लचवर सोपवावे. शरीराचे वजन डाव्या फूटपेगवर द्यावे, डावा गुडघा टाकीला टेकवावा आणि नजर दगडावर न ठेवता वळण संपते तेथे, उजव्या खांद्यावरून मागे न्यावी. दोन आठवडे फक्त उजवीकडचे गोल काढा आणि त्यांचे गुण वहीत वेगळ्या पानावर लिहा.