तेलाचा लिटरचा हिशेब किलोत कसा बसवावा?

सर्वांना नमस्कार. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात आम्ही दहा-बारा जणी बचत गटामार्फत शेव, चिवडा आणि शंकरपाळे तयार करतो. घाण्यावरचे करडईचे तेल आम्हाला किलोच्या भावाने मिळते. मात्र आमची सगळी प्रमाणे जुन्या लिटरच्या मापावर बसलेली असल्यामुळे खर्चाच्या वहीत दर महिन्याला तफावत राहते.

खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असल्याने एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते, म्हणजेच एक किलो तेल जवळपास १,१०० मिलिलिटर होते आणि १५ किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असायला हवे, इतके आम्हाला समजले आहे. (आरंभी आम्ही लिटर म्हणजेच किलो धरत होतो!) खरी अडचण पुढे आहे. उष्णतेने तेल प्रसरण पावते. आमच्याकडे हिवाळ्यातील पहाट १५ अंशांची आणि मे महिन्यातील दुपार ४२ अंशांची असते, तेव्हा तेच माप उन्हाळ्यात पंधरा-वीस ग्रॅमने हलके भरते.

अशा वेळी वर्षभर ९१० हाच आकडा धरावा, की ऋतूनुसार दोन आकडे ठेवावेत? करडईऐवजी शेंगदाण्याचे तेल घेतल्यास आकडा बदलावा लागेल का? मला स्वतःला तेल काट्यावरच मोजणे सरळ वाटते, परंतु पिठाच्या हातांनी कढईपाशी काटा सांभाळणे इतरांना जमत नाही. घाणा किंवा फराळाचा व्यवसाय असणाऱ्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर कळवावी.