मोठ्या ऑपरेशनआधीचे दिवस : तुमच्याकडे काय झालं होतं, सांगा

रावेरची लेक
आखाजी (अक्षय्य तृतीया) आली म्हणून माळा आवरायला घेतला. बिबड्यांच्या डब्यामागे एक पिशवी, आणि पिशवीत ते श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळे असलेलं प्लास्टिकचं यंत्र. हातात घेतलं आणि तिथेच शिडीवर बसून राहिले.

२०१९ ला आमच्या ह्यांची बायपास झाली, नाशिकला. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, बिडी काही?" हे म्हणाले, नाही. मी शेजारीच बसलेली, आणि ह्यांच्या शर्टाच्या खिशात चुन्याची डबी दिसत होती. त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर "पिशवी राहिली" म्हणून परत आत गेले आणि सांगून टाकलं : तीस वर्षांची तंबाखू, वर दिवसाला पाच-सहा बिड्या.

डॉक्टरांनी ह्यांना पुन्हा आत बोलावलं. आ करायला लावून तोंडात किती बोटं जातात ते बघितलं. भूल देताना घशातून नळी घालतात ना, तंबाखूनं तोंड आखडलेलं असेल तर ते त्यांना आधी माहीत लागतं. तब्येत स्थिर होती म्हणून तारीख तीन आठवडे पुढे गेली. बिडी बंद, छातीतला कफ निघू द्या म्हणाले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग ते यंत्र. सगळे आधी त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नाही, सावकाश श्वास आत ओढायचा आणि गोळा वर धरून ठेवायचा. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. पहिल्या दिवशी ६०० चा गोळा उचलला की लगेच खाली. नातू समोर बसून आकडे मोजायचा. बाराव्या दिवशी तिसरा गोळा वर थांबला तर पोरगा ओरडत गल्लीभर फिरला. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, तेही घरीच शिकवून घेतलं होतं, कारण नंतर छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं.

येत्या सोमवारी नणंदेचं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. फोनवर ती हो-नाही यापलीकडे बोलत नाही. म्हणून विचारते, तुम्ही त्या दिवसांत काय केलंत?

भुसावळवाला
आईचे दोन्ही गुडघे. महिनाभर आधी घरात कमोड बसवला, पायपुसणी सगळी उचलली, पलंग खालच्या खोलीत आणला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे. मांडी तयार असली तर नंतर पाय लवकर उचलतो. वॉकर पण आधीच आणून अंगणात चालवला. आई म्हणायची, लोकं पाहतील. पाहू दे म्हटलं.

धुळ्याची काकू
माझी गर्भपिशवी काढली. गाठींमुळे अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन ७.८ वर आलेलं. डॉक्टर म्हणाल्या, आधी रक्त भरून काढू, घाई नको. शिरेतून लोहाची इंजेक्शनं घेतली, १०.५ झालं तेव्हा तारीख दिली.
पण मला रडू आलं ते जोडव्यांवरून. लग्नापासून काढली नव्हती. सिस्टरनं समजावलं, रक्तस्राव थांबवायला विजेच्या यंत्रानं शिरा डागतात, अंगावर धातू असला तर तिथं भाजू शकतं. साबणाचं पाणी लावून तिनंच हळू हळू सोडवली. मंगळसूत्र रुमालात बांधून लेकीच्या हातात दिलं. नखांचा रंगही पुसला, बोटाला लावतात त्या चिमट्याला प्राणवायू नीट दिसावा म्हणून.

चोपडा ते सुरत
काकू, जोडव्यांचं वाचून माझ्या आईची आठवण आली. तिनंही अशीच मूठ घट्ट धरली होती.

केळीबागवाला
सकाळी ६ ला कपभर चहा चालतो का? वडिलांचं ऑपरेशन १० ला आहे. चहाशिवाय त्यांचं डोकं दुखतं.

शहाद्याचा भाचा
नाही भाऊ!! दुधाचा चहा म्हणजे जेवणातच धरतात, सहा तास आधी बंद. नुसतं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी तुमच्या भुलीच्या डॉक्टरांनाच विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. आमच्या मामाला एका पाहुण्यानं मायेनं चहा-बिस्कीट दिलं. मामानं खरं सांगितलं म्हणून बरं. ऑपरेशन रद्द, सगळे एसटीनं परत.

केळीबागवाला
बरं झालं विचारलं. पाहुण्यांना आजच सांगतो.

एरंडोलकर
साखरवाल्यांसाठी. आमचे अप्पा रिपोर्ट चांगला यावा म्हणून दोन दिवस भाकरी-पाण्यावर राहिले. पण ती तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, तिला दोन दिवसांचा उपास कळत नाही. ९.४ आली. साखर जास्त असली की जखम भरत नाही, पिकते. आणि रक्त पातळ करायची गोळी त्यांनी शेजाऱ्याचं ऐकून स्वतःच बंद केली होती. हृदयात स्टेंट असताना! डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. कोणती गोळी कधी थांबवायची, काही थांबवायचीच नाही, हे तेच ठरवतात.

अमळनेरची सून
एवढं सगळं झाल्यावर शेवभाजी कधी खाऊ शकतो तेही सांगा कोणी 😀 सासरे रोज विचारतात

भुसावळवाला
आईला दीड महिन्यानं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी दिली. डोळे भरून आले तिचे. शेवभाजीचं डॉक्टरांना विचारा 🙏

चोपडा ते सुरत
भरीत म्हटलं की बामणोदची वांगी. थंडीत कोणी इकडे येणार असेल तर आणा हो.

सातपुड्याच्या पायथ्याशी
माझ्या मणक्याचं झालं, चाळिशीत. शरीराची तयारी सगळे सांगतात. मला रात्री तीनला जाग यायची आणि बागेतली मोटर डोळ्यांसमोर यायची. मला काही झालं तर ती चालू कशी करायची हे बायकोला माहीतच नाही. शेवटी वही घेऊन बसलो. सोसायटीचं कर्ज किती, पासबुक कुठं, केळीवाल्याकडं किती येणं, स्टार्टरचं कुठलं बटण. चार पानं भरली. बायकोनं वाचली, काही बोलली नाही, वही देवघरात ठेवली. त्या रात्री झोप लागली.
सकाळी स्ट्रेचरवर हात थरथरत होते. वॉर्डातल्या मावशीनं हात धरला, "घाबरू नको भाऊ, मी आठेच शे." म्हणजे मी इथंच आहे. परक्या शहरात आपली अहिराणी ऐकली आणि थरथर थांबली. मावशी कुठल्या, विचारायचं राहून गेलं.

धुळ्याची काकू
आठेच शे… वाचूनच बरं वाटलं रे बाळा.

जामनेर
महात्मा फुले योजनेतून करणार असाल तर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आजच जुळवून बघा. आमच्या एका अक्षराच्या फरकानं दोन दिवस गेले. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी भेटा. रक्त द्यायलाही गावातली पोरं सांगून ठेवा. आमच्याकडं जीप भरून आली होती.

नर्सबाई
रावेरची लेक, दोन गोष्टी. झडपेच्या आधी नणंदेला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलंय ना? किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात. हलणारा दात, कवळी असेल तर भुलीच्या डॉक्टरांनाही सांगा. दुसरं, माळ्यावरचं यंत्र तिला देऊ नका. एकाचं दुसऱ्यानं वापरायचं नसतं. नवं घ्या.

रावेरची लेक
ताई, बरं सांगितलंत, मी तर ते धुऊन ठेवलं होतं. दात दाखवून झाले, एक काढला.

काल नणंदेकडे आले आणि तुमचं सगळं तिला वाचून दाखवलं. मोटरच्या वहीपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "वहिनी, मी रोज मिश्री लावते, ते मी तिथं सांगितलं नाही. भाऊजींसमोर कसं सांगू?" इतक्या वर्षांत मलाही माहीत नव्हतं. आज सकाळी आम्ही दोघीच डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते रागावले नाहीत, लिहून घेतलं आणि डबी आजपासून बंद म्हणाले. डबी तिनं माझ्याकडे दिली.

येताना नवं यंत्र घेतलं. आत्ता ती ओट्यावर बसून श्वास ओढतेय. दुसरा गोळा अर्ध्यात आलाय, नातू मोजतोय.