मदत हवी आहे: घोळक्यात शिरायचं कसं? शनिवारच्या आत सांगा

काठावर: एकेकट्याशी मी तासन्‌तास बोलते. पण चार-पाच जण गोल करून उभे असले की पाय अडतात. जवळ जाऊन उभी राहते, कुणी वळून बघत नाही, मग फोन काढून बाजूला होते. शनिवारी परत तेच. 'आत्मविश्वास ठेव' सोडून काहीही सांगा. पहिलं वाक्य काय बोलायचं?

रानवाट: शनिवारी आहे काय? ऑफिसचं की घरगुती? ओळखीचं कुणी असणार का?

जुनी_वही: वाक्य नंतर, आधी ते उभे कसे आहेत ते बघा. माणसं मधे मोकळी जागा ठेवून तिच्याभोवती उभी राहतात. अ‍ॅडम केंडन या संशोधकाने याचा बारकाईने अभ्यास केलाय. खांद्याला खांदा, सगळी पावलं आत वळलेली, तर तिथे जाऊ नका. दोघांत फट असेल तिथे उभ्या राहा, बोलणाऱ्याकडे बघत ऐका. शेजारचा अर्धं पाऊल सरकला की झालं.

मुक्काम: एवढं कशाला? लवकर जा. घोळके व्हायच्या आधी पोचलं की लोक आपल्याभोवतीच जमतात. मी कायम हेच करतो.

जुनी_वही: आणि पहिल्या भेटलेल्या माणसापाशीच संध्याकाळभर अडकायचं?

मुक्काम: 'पाणी घेऊन येतो' म्हणून सुटता येतं की.

शब्दकोडं: मला भाषणाची फार भीती वाटायची. रोज आरशासमोर मोठ्याने वाचायला लागले, गेली. नक्की करून बघ.

रानवाट: भाषणाचं कुणी विचारलंय इथे? काठावर, कार्यक्रम कसला ते सांगा ना.

काठावर: नवऱ्याच्या कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर. सगळे एकमेकांना ओळखतात. तो आत शिरला की मला विसरतो.

रानवाट: अगं, मग हे आधी सांगायचं! त्यांचे जुने किस्से सुरू झाले की फटीत उभं राहूनही काही कळणार नाही. नवऱ्याला बजाव, ओळख करून देताना नुसतं नाव नको, 'ही पण ट्रेकिंग करते' असं काहीतरी जोडून दे. समोरच्याला विचारायला विषय मिळतो. आणि बाकीच्यांचे नवरे-बायका शोध, तेही कडेलाच असतील. एकेकट्याशी तुला जमतंच.

मुक्काम: बायकोला असं विसरणं बरोबर नाही. त्याच्याशी आधी बोला.

शब्दकोडं: तो मुद्दाम करतो असं कुठे म्हणाली ती? जुने मित्र भेटले की होतं तसं.

जुनी_वही: आणखी एक. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलं होतं की एका गप्पेत साधारण चार जणच टिकतात, पुढे ती फुटते. म्हणून उलट मोठ्या घोळक्याकडे जा. कडेचा एखादा मूळ गप्पांतून सुटलेलाच असतो. त्याला हळूच विचारा, 'हे कुणाबद्दल चाललंय?' तो आख्खा किस्सा सांगेल.

काठावर: हे जमेल मला! नवऱ्याला आजच सांगते. पण किस्सा संपला आणि दोघंही गप्प झालो तर?

मुक्काम: म्हणून म्हणतोय, लवकर जा.