मदत हवी आहे: एक्सएलआर ते आरसीए जोडणीत पिन 3 चं काय करू?

मंडळाच्या हॉलमधल्या मिक्सरचं बॅलन्स्ड आउटपुट (तीन पिनांचं एक्सएलआर: पिन 1 ग्राउंड, पिन 2 सिग्नल, पिन 3 तोच सिग्नल उलटा) जुन्या घरगुती अ‍ॅम्पच्या आरसीए इनपुटला (मधलं टोक सिग्नल, बाहेरचं कडं ग्राउंड) द्यायचंय. अंतर 8 मीटर. केबल घरीच सोल्डर केली: पिन 2 आरसीएच्या मधल्या टोकाला, पिन 1 बाहेरच्या कड्याला, पिन 3 मोकळी. आवाज भरदार येतो, पण मागे सतत 50 हर्ट्‌झची घरघर. अ‍ॅम्पकडची केबल काढली की घरघर बंद. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावली, फरक नाही. अर्थिंग तोडायचा सल्ला कृपया नको, हॉलमध्ये लहान मुलं असतात.

मिक्सरचं मॅन्युअल नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवालं असेल तर पिन 3 पिन 1 ला जोडावीच लागते म्हणतात. इलेक्ट्रॉनिक (ट्रान्सफॉर्मरऐवजी आयसी, म्हणजे चिप, वापरणारं) असेल तर तसं केल्याने आयसी जाईल का? दोन्हींतलं कुठलं, हे मल्टिमीटरने ओळखता येतं का, की सरळ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच (दोन यंत्रांतली थेट विद्युत जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा) घेऊ?