मदत हवी आहे: दोन देशांत वाटल्या गेलेल्या सँ-झँगॉल्फची लोकसंख्या एकत्र कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. दरवर्षी विद्यार्थी पॅरिसवर नाहीतर जिनिव्हावर प्रकल्प करतात आणि तीच ती माहिती पुन्हा वहीत उतरते. यंदा त्यांना एकच लहान गाव द्यायचं ठरवलंय: त्याचा नकाशा, त्याची माणसं, आणि सगळं फ्रेंच कागदपत्रं वाचून. गाव निवडलंय सँ-झँगॉल्फ. नकाशा बऱ्यापैकी जमलाय, लोकसंख्येच्या तक्त्यापाशी मात्र गाडी अडली आहे.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जिनिव्हा सरोवराच्या (तिथले लोक लेमाँ म्हणतात) दक्षिण काठावर, डोंगर थेट पाण्यात उतरतात अशा चिंचोळ्या जागेत हे गाव बसलंय. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर, आणि पाठीशी उभा असलेला ग्रामों २,१७२ मीटर. म्हणजे काठापासून काही किलोमीटरच्या आत १,८०० मीटरची चढण! घरं बांधायला सपाट जमीन अशी नाहीच. वरच्या नोव्हेल गावाकडून मॉर्ज नावाचा ओढा खाली येतो आणि गावाच्या मधोमध सरोवराला मिळतो. हा ओढाच सीमा आहे. पश्चिमेचा काठ फ्रान्सचा, ओत-साव्हुआ जिल्ह्यातला. पूर्वेचा स्वित्झर्लंडचा, व्हाले कँटनमधला (कँटन म्हणजे तिथलं घटक राज्य). ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी जकात नाका. पत्र पाठवायचं तर पिन कोड फ्रेंच काठाला ७४५०० आणि स्विस काठाला १८९८. दोन्हीकडची माणसं मिळून दोन हजारांच्या आसपास, सगळी फ्रेंच बोलणारी.

ही वाटणी आजची नाही. व्हालेने १५३६ मध्ये साव्हुआच्या ड्यूकचा हा मुलूख घेतला होता. १५६९ च्या तोनोंच्या तहात त्यातला बराचसा परत दिला गेला आणि सीमा मॉर्जवर आली. पुढे १८१५ मध्ये व्हाले स्विस संघराज्यात गेलं, १८६० मध्ये साव्हुआ फ्रान्सला मिळालं, आणि दोन सत्तांमधली ती जुनी हद्द दोन राष्ट्रांची झाली.

पण गावाने स्वतःला दोन मानलेलं नाही, आणि मला विद्यार्थ्यांना नेमकं हेच दाखवायचंय. नगरपालिका दोन, पण चर्च एकच आणि दफनभूमीही एकच, दोन्ही फ्रेंच बाजूला. स्विस काठावर वारलेल्या माणसाची अंत्ययात्रा पूल ओलांडून परदेशात जाते! जुन्या मूळ घराण्यांची 'बूर्झ्वाझी' नावाची सामाईक संस्था आहे, तिच्या मालकीची जंगलं आणि कुरणं दोन्ही देशांत पसरलेली आहेत. जुलै १९४४ मध्ये फ्रेंच बाजूला प्रतिकार दलाने जर्मन ठाण्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, जर्मनांनी ओलीस धरलेल्या गावकऱ्यांना गोळ्या घातल्या आणि घरं पेटवली. फ्रेंच गावकरी जीव वाचवायला पुलापलीकडे स्विस शेजाऱ्यांकडे गेले. हे वाचल्यावर या गावाची लोकसंख्या दोन वेगळ्या तक्त्यांत लिहायला माझा हातच धजत नाही.

आता अडचण. फ्रान्सचे आकडे इन्से ही संस्था देते, स्वित्झर्लंडचे त्यांचं संघीय सांख्यिकी कार्यालय. दोन्ही शेजारी ठेवले तर वर्षं जुळत नाहीत. फ्रान्समध्ये एकाच गावासाठी 'म्युनिसिपल' आणि 'एकूण' असे दोन आकडे दिसतात, तर स्विस तक्त्यात 'कायम रहिवासी' असा एकच. शिवाय फ्रेंच काठावर राहून स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करणारे सीमापार कामगार या भागात बरेच आहेत. ते दोन्हीकडे मोजले जातात का? सरोवराकाठच्या सुट्टीच्या घरांचं काय? यातले कोणते आकडे घेऊन बेरीज केली तर ती प्रामाणिक ठरेल?

दुसरी एक विनंती. लोझान, व्हेव्हे किंवा माँत्र्यो भागात राहणारं कुणी मराठी माणूस इथे असेल आणि त्या बाजूला जाणं होणार असेल, तर पुलावर उभं राहून दोन्ही काठांचे फोटो काढून द्याल का? स्विस बाजूने रेल्वे थेट गावापर्यंत जाते. पुढे एव्हियाँकडचा फ्रेंच मार्ग प्रवाशांसाठी १९३८ पासूनच बंद आहे (मधली काही वर्षं पर्यटकांची गाडी धावली तेवढीच), त्यामुळे हे स्थानक शेवटचं. नेटवरचे बहुतेक फोटो सरोवरातून काढलेले आहेत, त्यांत ओढा दिसतच नाही.

प्रतिसाद १

ताई, विषय फार आवडला. मी जनगणनेच्या आकडेवारीवर काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

दोन्ही देश माणूस राहतो कुठे ते बघतात, कामाला कुठे जातो किंवा पासपोर्ट कुठला ते नाही. त्यामुळे सीमापार कामगार फक्त फ्रेंच बाजूला येतो. सुट्टीचं घर असलेला माणूस त्याच्या मुख्य घराच्या गावी मोजला जातो. दुहेरी मोजणीची भीती आहे ती फ्रान्सच्या 'एकूण' आकड्यात, कारण शिकायला बाहेर राहणारी मुलं वगैरे त्यात पुन्हा धरतात. तुम्ही 'म्युनिसिपल'च घ्या.

वर्षं जुळत नाहीत कारण पद्धतीच वेगळ्या आहेत. स्वित्झर्लंड २०१० पासून गावोगावच्या नोंदवह्यांवरून दरवर्षी ३१ डिसेंबरची संख्या काढतं. फ्रान्समध्ये दहा हजारांखालच्या गावात पाच वर्षांतून एकदा घरोघरी मोजणी होते आणि मधल्या वर्षांचे आकडे हिशेबाने काढतात. ते १ जानेवारीचे असतात आणि जवळजवळ तीन वर्षांनी जाहीर होतात. म्हणून स्विस बाजूचा ३१ डिसेंबर २०२० घ्या आणि फ्रेंच बाजूचा १ जानेवारी २०२१. एका रात्रीचा फरक. याहून जवळची जोडी मिळणार नाही. फ्रेंच आकडा प्रत्यक्ष मोजणीचा की हिशेबाचा, एवढं तक्त्याखाली लिहा म्हणजे झालं. आणि दर वर्षाची रेघ काढू नका, पाच-पाच वर्षांचे टप्पे दाखवा. एवढ्याशा गावात चार कुटुंबं आली-गेली तरी रेघ उगाच वरखाली होते.

धागालेखिका

मनापासून आभार, दादा! ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीची जोडी लावायचं डोक्यातच आलं नव्हतं. तक्ता आता असा करते: दोन काठ, दोन रकाने आणि तिसरा रकाना गावाचा. विद्यार्थ्यांना फ्रेंच बाजूच्या मोजणीची वर्षं स्वतः शोधायला लावणार आहे, इन्सेच्या पानावर गावाचं नाव टाकलं की मिळतात.

एक उपप्रश्न राहिला. वयोगटांचे आकडेही असेच जोडता येतील का? दोन्हीकडचे गट वेगवेगळ्या वयांवर तोडलेले दिसतात. आणि फोटोंची विनंती अजून उभी आहे, लोझानकर मंडळी!